जमीन कुणाची? परकीय ताब्यातील जपान, १९४५ ते १९५२

ऑक्टोबर १९४७. योशितादा यामागुची हे तोक्योतील ३३ वर्षांचे न्यायाधीश कुपोषणाने मरण पावले. काळ्या बाजारात धान्य घेतल्याचे खटले त्यांच्यासमोर चालत. ज्या गुन्ह्याबद्दल आपण इतरांना शिक्षा देतो तो स्वतः करायचा नाही, म्हणून त्यांनी केवळ सरकारी शिध्यावर राहायचे ठरवले. आणि त्या शिध्यातलाही मोठा वाटा ते मुलांना देत.

युद्ध संपून तेव्हा दोन वर्षे झाली होती. नवी राज्यघटना पाच महिन्यांपूर्वीच लागू झाली होती. कायदा पाळून पोट भरणे मात्र अशक्य होते. परकीय सैन्याच्या ताब्यात राहून नव्याने उभा राहिलेला देश म्हणून जपानचे उदाहरण नेहमी दिले जाते. ही उभारणी कोणाच्या हातांनी झाली आणि तिच्यातले काय टिकले, याविषयीचा हा थ्रेड.

२ सप्टेंबर १९४५ रोजी तोक्योच्या उपसागरात ‘मिसुरी’ या युद्धनौकेवर शरणागतीच्या दस्तऐवजावर सह्या झाल्या. जनरल डग्लस मॅकआर्थर यांचे मुख्यालय सम्राटाच्या राजवाड्यासमोरील दाइइची विमा कंपनीच्या इमारतीत थाटले गेले. वर्षअखेरीस चार लाखांहून अधिक अमेरिकन सैनिक जपानमध्ये होते. पण त्यांतील किती जणांना जपानी वाचता येत होते? अगदी थोड्यांना.

जर्मनीत मध्यवर्ती सरकारच उरले नव्हते. चार विजेत्यांनी देश वाटून घेऊन थेट कारभार चालवला. जपानमध्ये मंत्रिमंडळ, खाती, करवसुलीची कचेरी, पोलीस चौकी, सारे जागेवर होते. मुख्यालयाने हुकूम काढायचा आणि जपानी नोकरशाहीने तो अमलात आणायचा, अशी ही व्यवस्था. ताब्याचा खर्चही जपानच्याच तिजोरीतून जाई. सुरुवातीला तो अर्थसंकल्पाच्या जवळपास एक तृतीयांश होता. हुकूम परक्यांचा, पण त्याची भाषा, त्याचे नियम आणि त्याची अंमलबजावणी जपानी. पुढचे बरेचसे यश आणि अपयश या एका गोष्टीत दडलेले आहे.

ताबा मुख्यतः अमेरिकनांचा असला, तरी पश्चिम होन्शूत ब्रिटिश राष्ट्रकुलाचे सैन्य होते. त्यात १९४६-४७ मध्ये भारतीय तुकड्याही होत्या. त्यांच्या २६८व्या ब्रिगेडमध्ये मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन होती आणि ब्रिगेडचे नेतृत्व पुढे भारताचे लष्करप्रमुख झालेल्या के. एस. थिमय्या यांच्याकडे आले. प्रत्यक्ष राज्यकारभार या सैन्याकडे नव्हता; तो अमेरिकनांनी स्वतःकडेच ठेवला होता. स्वतःचा देश अजून परक्यांच्या अमलाखाली असलेले शिपाई दुसऱ्या देशावरील ताब्यात पहारा देत होते, ही विसंगती त्यांच्या नजरेतून सुटली असेल असे वाटत नाही.

राज्यघटनेची कथा बहुतेकांना ठाऊक असते. जपानी सरकारचा मसुदा जुन्याच घटनेची डागडुजी ठरला, तेव्हा फेब्रुवारी १९४६ मध्ये मुख्यालयातील अधिकाऱ्यांनी सुमारे आठवडाभरात नवा मसुदा लिहून काढला. विवाहात स्त्री-पुरुषांच्या समान हक्कांचे कलम लिहिणारी बिएटे सिरोटा तेव्हा २२ वर्षांची होती. लादलेली घटना, असे तिच्याविषयी आजही म्हटले जाते. पण लागू झाल्यापासून तिच्यात एकही दुरुस्ती झालेली नाही. स्त्रियांच्या मताधिकारासाठी फुसाए इचिकावा यांच्यासारख्या स्त्रिया १९२०च्या दशकापासून झगडत होत्या. एप्रिल १९४६ च्या निवडणुकीत ३९ स्त्रिया निवडून आल्या. ही मागणी अमेरिकेतून जहाजात घालून आणलेली नव्हती.

हेच अधिक स्पष्टपणे दिसते ते जमिनीच्या प्रश्नात.

युद्धापूर्वी जपानमधील लागवडीखालील जमिनीपैकी सुमारे ४६ टक्के जमीन कुळे कसत. भातशेतीचा खंड बहुधा धान्यात द्यावा लागे, आणि तो पिकाच्या निम्म्यापर्यंत जाई. १९२०च्या दशकात कुळांच्या संघटना आणि मालक यांच्यात गावोगाव संघर्ष पेटले होते. कृषी खात्यातील काही अधिकारी तेव्हापासून कुळांना जमीन मिळावी या मताचे होते. मालकवर्गाच्या संसदेपुढे त्यांचे काही चालत नव्हते. युद्धकाळात मात्र धान्य हवे म्हणून सरकारनेच खंडावर मर्यादा घातली आणि कसणाऱ्याला मालकापेक्षा तांदळाचा जास्त भाव देण्यास सुरुवात केली. मालकाचे पाय असे आधीच डळमळीत झाले होते.

म्हणूनच सुधारणेचा पहिला मसुदा मुख्यालयातून आला नाही. १९४५ च्या हिवाळ्यात कृषिमंत्री केन्झो मात्सुमुरा यांच्या खात्याने तो स्वतःच तयार केला. संसदेत तो अडखळू लागला तेव्हा, ९ डिसेंबरला, मॅकआर्थर यांचे फर्मान निघाले. परंतु या कायद्याने गावात राहणाऱ्या मालकांकडे बरीच जमीन शिल्लक राहत होती. मुख्यालयाला ते पुरेसे वाटले नाही. दोस्त राष्ट्रांच्या मंडळात ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि भारत या चौघांचे प्रतिनिधी असलेल्या मॅकमहोन बॉल यांनी अधिक कडक योजना मांडली, आणि तिच्या आधारे ऑक्टोबर १९४६ चा दुसरा कायदा झाला.

तेव्हा कृषिमंत्री होते हिरोओ वादा. १९४१ मध्ये साम्यवादी असल्याच्या संशयावरून युद्धकालीन सरकारने याच माणसाला अटक केली होती.

कायदा सरळ होता. परगावी राहणाऱ्या मालकाची सगळी जमीन सरकार विकत घेणार. गावात राहणाऱ्या मालकाला कुळाकडे असलेल्या जमिनीपैकी सुमारे एक हेक्टर ठेवता येणार, होक्काइदोत चार. किंमत १९४५ च्या पातळीवर गोठवलेली, आणि महागाई तर आकाशाला भिडत होती. त्यामुळे मालकांना मिळालेली रक्कम पाहता पाहता कवडीमोल झाली, तर कुळांना जमीन जवळजवळ फुकट पडली. मालकांवर हा अन्यायच होता, आणि तो झाकण्याचे कारण नाही. या अन्यायाशिवाय सुधारणा झाली असती का, हा मात्र वेगळा प्रश्न.

खरी किल्ली अंमलबजावणीत होती. गावोगावी दहा हजारांहून अधिक जमीन समित्या निवडल्या गेल्या. प्रत्येक समितीत पाच कुळे, तीन मालक आणि दोन स्वतःची जमीन कसणारे शेतकरी. कोणाचे शेत कोणते, कोण खरोखर गावात राहतो, कोणी जमीन नातेवाइकांच्या नावे फिरवली, हे तोक्योतील साहेबाला कळणे शक्य नव्हते. शेजाऱ्याला ते पक्के ठाऊक होते. १९५० पर्यंत सुमारे १९ लाख हेक्टर जमीन हस्तांतरित झाली आणि कुळांकडील जमिनीचे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास आले.

मुख्यालयात या कामावर असलेले वुल्फ लादेजिन्स्की पुढे भारतात आले. १९६०च्या दशकात नियोजन आयोगासाठी कुळांच्या स्थितीची पाहणी करताना त्यांना कायदे कागदावर आणि कूळ जिथल्या तिथे, असे चित्र दिसले.

आता दुसरी बाजू. ज्या सुधारणांना आत आधार नव्हता त्या कशा विरल्या, तेही पाहण्याजोगे आहे. मोठी उद्योगघराणी मोडण्याच्या कायद्याखाली तीनशेहून अधिक कंपन्या निवडल्या गेल्या. प्रत्यक्षात वीसही मोडल्या नाहीत. पोलीस दलाचे विकेंद्रीकरण १९५४ मध्ये गुंडाळले गेले, लोकनियुक्त शिक्षण मंडळे १९५६ मध्ये. दरम्यान वॉशिंग्टनचेही मन पालटले होते. १ फेब्रुवारी १९४७ चा सार्वत्रिक संप मॅकआर्थर यांनी आदल्या दिवशी बंद पाडला. ज्या कामगार संघटनांना त्यांनीच मोकळीक दिली होती, त्यांचाच तो संप. १९४९ मध्ये जोसेफ डॉज यांच्या काटकसरीने महागाई आटोक्यात आली, पण कारखाने बंद पडू लागले. ते सावरले कोरियातील युद्धामुळे. जून १९५० नंतर अमेरिकन सैन्याच्या मागण्यांचा ओघ सुरू झाला आणि बुडण्याच्या बेतात आलेल्या टोयोटाला ट्रकांच्या ऑर्डरींनी तारले. शेजारच्या द्वीपकल्पावरील संहारातून जपानचे कारखाने उठले.

२८ एप्रिल १९५२ रोजी सॅन फ्रान्सिस्कोचा तह अमलात येऊन ताबा संपला. भारत त्या परिषदेला गेला नव्हता. जूनमध्ये त्याने जपानशी स्वतंत्र तह करून नुकसानभरपाईचा हक्क सोडून दिला.

ओकिनावात मात्र ताबा संपला नाही. तहानेच ती बेटे अमेरिकेच्या हाती राहिली. होन्शूतील कुळांना जमिनीचा मालक बनवणाऱ्या त्याच अमेरिकन सैन्याने १९५३ नंतर इएजिमा आणि इसाहामा येथील शेतकऱ्यांच्या जमिनी तळांसाठी सक्तीने घेतल्या. संगिनी लावलेले सैनिक पुढे, बुलडोझर मागे. तिथे जमीन समित्या नव्हत्या, आणि मध्ये उभे राहणारे कृषी खातेही नव्हते. ओकिनावा १५ मे १९७२ रोजी जपानला परत मिळाले. तळ अजून आहेत. २८ एप्रिल हा तिथे अपमानाचा दिवस म्हणून ओळखला जातो.