बडतर्फ पोलीस आणि निवृत्तिवेतनाचा हक्क : धावडा परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक चिकित्सा

प्रस्तावना :
भोकरदन तालुक्यातील धावडा हे गाव १९४८ पर्यंत निजामाच्या संस्थानात, १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात आणि त्यानंतर द्वैभाषिक मुंबई राज्यात होते. १९६० साली ते महाराष्ट्रात आले व १ मे १९८१ रोजी जालना जिल्ह्याची निर्मिती झाल्यावर त्या जिल्ह्याचा भाग बनले. राजवटींच्या या बदलांबरोबर पोलिसांच्या सेवाशर्तीही बदलत गेल्या. गैरवर्तनाबद्दल बडतर्फ झालेल्या पोलिसास निवृत्तिवेतन मिळावे काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत निबंधात या बदलांच्या पार्श्वभूमीवर केला आहे.

वतनाकडून वेतनाकडे :
मराठवाड्याच्या खेड्यांत गावबंदोबस्ताची जबाबदारी दीर्घकाळ वतनदार पाटलाकडे होती. वतन हा व्यक्तीपेक्षा घराण्याचा हक्क मानला जाई. पहिले सालारजंग यांच्या काळातील १८६५ च्या जिल्हाबंदीनंतर संस्थानात नियमित वेतनावरील पोलीस व्यवस्था आकारास आली. वेतनदार शिपायाचा हक्क मात्र व्यक्तिगत आणि सरकारच्या मर्जीवर अवलंबून होता. ब्रिटिश हिंदुस्थानातही १८७१ च्या पेन्शन कायद्याने पेन्शनविषयक दावे सर्वसाधारणपणे दिवाणी न्यायालयांच्या कक्षेबाहेर ठेवले होते. पेन्शन ही सरकारची कृपा होय, ही त्यामागील भूमिका होती.

१९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ११५ ने महत्त्वाचे संरक्षण दिले. केंद्र सरकारच्या पूर्वसंमतीशिवाय बदली झालेल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्ती त्यांना प्रतिकूल होतील अशा रीतीने बदलता येणार नव्हत्या. हैदराबाद राज्यातून आलेल्या पोलिसांनाही हे संरक्षण लागू होते. पुढे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली देवकीनंदन प्रसाद खटल्यात, आणि १७ डिसेंबर १९८२ रोजी नाकारा खटल्यात, निवृत्तिवेतन ही खैरात नसून हक्क आहे असे स्पष्ट केले.

नियमांतील विसंगती :
महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मध्ये मात्र जुनी भूमिका अंशतः टिकून राहिली. बडतर्फी झाल्यास पूर्वीची सेवा जप्त होते. परिणामी निवृत्तिवेतन व उपदान जाते आणि कुटुंब निवृत्तिवेतनाचा आधारही उरत नाही. याउलट, निवृत्त झालेल्याचा गंभीर दोष सिद्ध झाल्यास नियम २७ अन्वये शासन निवृत्तिवेतन पूर्णतः किंवा अंशतः, कायमचे किंवा ठराविक काळापुरते रोखू शकते. म्हणजे निवृत्तीनंतर शिक्षेचे मोजमाप करता येते. निवृत्तीपूर्वी बडतर्फ झाल्यास तसे मोजमाप न होताच सर्व जाते. दोष समान असूनही केवळ तारखेमुळे फळ निराळे होते.

दुसरी विसंगती अलीकडची आहे. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर रुजू झालेल्यांसाठी अंशदान निवृत्तिवेतन योजना आली. त्यांच्या खात्यात साठणाऱ्या रकमेस १९८२ च्या नियमांतील सेवाजप्ती लागू होत नाही. एकाच ठाण्यातील दोन शिपाई एकाच अपराधाबद्दल बडतर्फ झाले, तरी भरतीच्या वर्षामुळे एकाचे सर्वस्व जाते, दुसऱ्याची वर्गणी राहते.

पीडितांची बाजू :
अधिकाराचा दुरुपयोग करणाऱ्यास जनतेच्या पैशातून आजन्म पोसावे काय, हा आक्षेप गंभीर आहे. परभणीचा अभियंता ख्वाजा युनूस जानेवारी २००३ मध्ये पोलीस कोठडीतून नाहीसा झाला. त्याचा कोठडीतच मृत्यू झाल्याचा निष्कर्ष राज्य गुन्हे अन्वेषण विभागाने काढला. २००४ मध्ये निलंबित झालेल्या पोलिसांना २०२० मध्ये पुन्हा सेवेत घेण्यात आले. चौकशी व खटले असे लांबल्यास बडतर्फीपूर्वीच निवृत्तीचे वय येऊ शकते. शिवाय जप्त झालेले निवृत्तिवेतन सरकारी तिजोरीतच राहते. पीडिताच्या कुटुंबास त्यातून काहीही मिळत नाही.

या संदर्भात महिंदर दत्त शर्मा खटल्याचा निकाल (२०१४) मार्गदर्शक ठरतो. दिल्ली पोलिसांतील हा शिपाई गैरहजेरीबद्दल बडतर्फ झाला होता. अनुकंपा भत्ता मागणारा प्रत्येक जण बडतर्फ झालेला किंवा सेवेतून काढून टाकलेलाच असतो. म्हणून केवळ त्या कारणाने मागणी फेटाळता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. नैतिक अधःपतन, अप्रामाणिकपणा, स्वतःचा लाभ, इतरांना हेतुपुरस्सर इजा अशा अपराधांना मात्र न्यायालयाने वेगळे काढले.

समारोप :
वरील विवेचनावरून असे दिसते की, सरसकट जप्ती आणि सरसकट संरक्षण हे दोन्ही मार्ग अपुरे आहेत. कोठडीतील छळ व लाचखोरी यांसाठी पूर्ण जप्ती न्याय्य ठरते. गैरहजेरीसारख्या दोषांत निवृत्तिवेतनाचा काही भाग राहावा. प्रत्येक बडतर्फीच्या आदेशात निवृत्तिवेतनाचा निर्णय कारणांसह स्वतंत्रपणे नोंदवावा आणि जप्त रकमेचा वाटा पीडिताकडे वळविण्याची तरतूद व्हावी. वतनव्यवस्थेत घराण्याचा हक्क अपराध्यालाही तारीत असे; आजच्या नियमांत अपराध्याबरोबर त्याचे निरपराध कुटुंबही बुडते. या दोन टोकांमधील मार्ग शोधणे हे शासनाचे कर्तव्य आहे.