करडू, वत्स आणि अज्ञान

ग्वाल्हेरच्या लष्करात, महाराज बाड्याला लागून, गोरखीचा जुना वाडा आहे. शिंदे घराण्याचे देवघर येथेच असून दसऱ्याची पूजा तेथे होत आली आहे. याच परिसरातील मराठी घरांतून आता नातवंडांस ‘किड्स’ म्हणण्याची रीत पडली आहे. एखाद्या आजोबांस ती रुचत नाही, कारण ‘किड’ म्हणजे शेळीचे करडू. लेकराला करडू म्हणावे काय, हा त्यांचा प्रश्न आम्हांस विचार करण्याजोगा वाटतो.

इंग्रजीत हा शब्द स्कँडिनेव्हियाकडून आला. माणसाच्या मुलास तो लावण्याची चाल सोळाव्या शतकाच्या अखेरीस हलक्या बोलीत पडली आणि १८४० च्या सुमारास ती घरगुती भाषेत रुळली. या शब्दाने एक काळे अपत्यही दिले आहे. सतराव्या शतकात इंग्लंडमधील मुले पळवून अमेरिकेतील मळ्यांवर बंधनात राबण्यासाठी विकली जात. या धंद्यातील लोकांना ‘किडनॅपर’, म्हणजे करडे लाटणारे, म्हणू लागले. पुढे तोच शब्द कायद्यात शिरला. कुत्र्याच्या पिलावरून ‘पपी’ म्हणजे उर्मट पोरगा, आणि श्वापदाच्या बच्च्यावरून ‘कब’ म्हणजे नवशिका, हे अर्थही त्याच वळणाचे होत.

परंतु हा केवळ इंग्रजांचा दोष मानणे न्यायाचे होणार नाही. संस्कृतात ‘वत्स’ म्हणजे वासरू, आणि ऋषी शिष्याला हाक मारतात तीही ‘वत्सा’ अशीच. ‘वात्सल्य’ हा शब्द त्यातूनच निघाला. मराठीचे ‘वासरू’ आणि कोकणीचे ‘वासरूं’ ही त्याचीच लेकरे. वसुबारसेस आपण सवत्स धेनूची पूजा करतो, तेव्हा मातृप्रेमाचे प्रतीक म्हणून गाय-वासराचीच जोडी डोळ्यांपुढे असते. पराक्रमी पुत्राला आपण ‘छावा’ म्हणतो, लाडक्या मुलीला ‘पिल्लू’. फरक एवढाच की आपला शब्द आश्रमातून आला, त्यांचा बाजारातून.

आता कायद्याकडे पाहू. इंग्रजी कायद्यातील ‘इन्फंट’ या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थ ‘ज्याला बोलता येत नाही तो’. ‘मायनर’ म्हणजे ‘धाकटा’. आपल्या कोर्टांच्या मराठीत तोच ‘अज्ञान’ झाला. या तिन्ही शब्दांत मुलाची उणीव मोजली आहे. जनावराच्या नावांत मात्र पिलू आईच्या जवळ असते.

या भेदाची किंमत ग्वाल्हेरने मोजली आहे. फेब्रुवारी १८४३ मध्ये जनकोजीराव शिंदे निपुत्रिक वारले. त्यांची विधवा ताराबाई अवघी बारातेरा वर्षांची होती. तिने सुमारे आठ वर्षांच्या भगीरथरावास दत्तक घेतले, तेच जयाजीराव. आई अज्ञान, पुत्रही अज्ञान. त्यामुळे कारभार मामासाहेबांनी पाहावा की दादा खासगीवाल्यांनी, यावर दरबारात तेढ पडली आणि गव्हर्नर जनरल लॉर्ड एलेनबरो यांस निमित्त मिळाले. २९ डिसेंबर १८४३ रोजी महाराजपूर आणि पनियार येथे एकाच दिवशी दोन लढाया झाल्या, शिंद्यांची फौज हरली, आणि राजा वयात येईपर्यंत कारभार एका मंडळाकडे गेला. वडीलधारे भांडले ते मुलाच्या नावाने. मुलास कोणी विचारले नाही. आपल्याकडे म्हणतात, घोडे मेले ओझ्याने, शिंगरू मेले हेलपाट्याने. त्या वर्षी गादीवर बसलेल्या शिंगराचे हेलपाटे वडीलधाऱ्यांच्या ओझ्यासाठीच होते.

पालकाच्या ताब्यातून मूल नेणे हा गुन्हा ठरवताना भारतीय दंड संहितेने अखेरीस मुलग्यासाठी सोळा आणि मुलीसाठी अठरा वर्षांची मर्यादा ठेवली होती. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या १३७ व्या कलमात हा भेद नाही. अठरा वर्षांखालील प्रत्येकजण तेथे केवळ ‘मूल’ आहे. कायद्याच्या भाषेत हा शब्द आम्हांस मोलाचा वाटतो.

म्हणून त्या आजोबांस आमचे सांगणे असे की, नातवाला करडू म्हटल्याने त्याची अप्रतिष्ठा होत नाही. वासरू म्हणण्याचे पुण्य तर आपणही घेतोच. त्याला मुके आणि अज्ञान समजून त्याच्या वतीने सर्व काही ठरवणे, यात मात्र अप्रतिष्ठा आहे. गोरखीच्या देवघरापुढे हात जोडताना त्या आठ वर्षांच्या राजाचे एवढे स्मरण ठेवावे.