साथरोग आणि विद्यापीठ-संकुलांची बंदी : परभणी जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना :
साथरोगाच्या काळात विद्यापीठे व महाविद्यालये बंद ठेवावीत काय, हा प्रश्न सामान्यतः आरोग्यशास्त्राचा मानला जातो. इतिहासाच्या दृष्टीने तो अधिकाराचा आणि उत्तरदायित्वाचाही प्रश्न आहे. बंदीचा निर्णय कोणी घ्यावा आणि बंदीच्या काळात विद्यार्थ्यांची जबाबदारी कोणाकडे राहते, या दोन मुद्द्यांच्या आधारे प्रस्तुत लेखात विवेचन केले आहे.

पूर्वेतिहास :
सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेगची साथ उद्भवली. त्यातून फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा संमत झाला. या कायद्याने शासनास व्यापक प्रतिबंधात्मक अधिकार दिले. मात्र बंद पडलेले व्यवहार पुढे कसे चालावेत, याविषयी तो मौन बाळगतो. पुण्यात झालेल्या कठोर अंमलबजावणीतून लोकक्षोभ उसळला व २२ जून १८९७ रोजी प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. परभणी त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. येथे उच्च शिक्षणाचा विस्तार बऱ्याच नंतर झाला.

१९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला येथे गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले आणि सप्टेंबरमध्ये सुरतेत फुफ्फुसाच्या प्लेगने थैमान घातले. सुरतेतून लाखो लोक गावोगावी परतले आणि त्यांच्याबरोबर रोगाचे भयही पोहोचले. योगायोग असा की, परभणीतील महाविद्यालये आज ज्या विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना याच महिन्यात, १७ सप्टेंबर १९९४ रोजी झाली. सुरतेच्या अनुभवातून एक बाब स्पष्ट होते : गर्दी थांबविणे आणि गर्दी पांगविणे या भिन्न क्रिया होत. वसतिगृह रिकामे केल्याने एका ठिकाणचा धोका अनेक गावांपर्यंत पोहोचू शकतो.

ऑगस्ट २००९ मध्ये स्वाईन फ्लूमुळे पुणे व मुंबई येथील शाळा-महाविद्यालये सुमारे आठवडाभर बंद राहिली. ही बंदी शहरापुरती व अल्पकाळाची असल्याने अध्यापनाची हानी भरून काढणे शक्य होते.

२०२० ते २०२२ :
मार्च २०२० मध्ये १८९७ च्याच कायद्याचा आधार घेऊन राज्यातील शिक्षणसंस्था बंद करण्यात आल्या. रोगाचे स्वरूप अज्ञात असताना तो निर्णय आवश्यकच होता. मात्र अंतिम वर्षाच्या परीक्षांचा प्रश्न अनिर्णित राहिला. राज्य शासनाने जूनमध्ये परीक्षा न घेण्याचा निर्णय घेतला, तर विद्यापीठ अनुदान आयोगाने ६ जुलै रोजी सप्टेंबरअखेर परीक्षा घेण्याचे निर्देश दिले. २८ ऑगस्ट रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार राज्य परीक्षा लांबणीवर टाकू शकते, परंतु परीक्षेविना पदवी देण्याचा आदेश देऊ शकत नाही. बंदी काही दिवसांत अमलात आली. तिच्या परिणामांचा निवाडा होण्यास पाच महिने लागले.

परभणी शहरातच याच्याशी तुलना करण्याजोगे उदाहरण होते. १८ मे १९७२ रोजी स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठातील वर्ग बंद झाले, तरी पशुधनाची निगा व खरिपाची तयारी थांबविणे शक्य नव्हते. टाळेबंदीच्या निर्देशांतही शेतीकामे व बियाणे-व्यवहार यांना सूट होती. शेतीचा हंगाम थांबत नाही, हे शासनाने जाणले. विद्यार्थ्याच्या वर्षालाही हंगाम असतो, हे मात्र तितक्या तत्परतेने जाणले गेले नाही. एस.टी. बंद, गावात नेटवर्क दुर्बळ आणि घरात एकच मोबाईल, अशा स्थितीतील ग्रामीण विद्यार्थ्यांना ऑनलाईन अध्यापन म्हणजे पुष्कळदा केवळ सूचनाच ठरली. १५ फेब्रुवारी २०२१ पासून महाविद्यालये निम्म्या उपस्थितीत उघडण्यास परवानगी मिळाली; पुढे दुसऱ्या लाटेत व जानेवारी २०२२ मध्ये ती पुन्हा बंद झाली.

निष्कर्ष :
साथ तीव्र असताना संकुल बंद करणे समर्थनीय आहे आणि वैद्यकीय सल्ल्याने तो निर्णय शासनाने घेणे योग्यच होय. परंतु बंदीच्या आदेशातच तिची मुदत, जिल्हानिहाय फेरविचार, वसतिगृहातील विद्यार्थ्यांची व्यवस्था आणि परीक्षेचे स्वरूप यांचा समावेश असावा. त्याचा आराखडा विद्यापीठांनी साथ नसतानाच सिद्ध ठेवणे इष्ट ठरेल. तसे न झाल्यास पुढील साथीतही आदेश मुंबईत निघेल आणि त्याची किंमत जिंतूर-पाथरीच्या वाडी-तांड्यांवरील विद्यार्थी मोजतील.