स्वित्झर्लंडचे मनोरे आणि लोकांचा कौल

ओल्टेन या रेल्वेच्या मोठ्या जंक्शनाला लागून, स्वित्झर्लंडच्या सोलोथुर्न कँटनात, म्हणजे घटकराज्यात, वांगेन नावाचे एक लहानसे गाव आहे. २००५ साली तेथील तुर्की सांस्कृतिक मंडळाने गावाच्या बांधकाम समितीकडे एक अर्ज गुदरला. मंडळाची इमारत पूर्वीपासून उभी होती व तीत नमाजही पढला जात होता. मागणी होती ती एवढीच की, त्या इमारतीच्या छपरावर सहा मीटर उंचीचा एक मिनार उभारण्याची परवानगी मिळावी. सहा मीटर म्हणजे सुमारे वीस फूट. त्या मुलखातल्या चर्चच्या घंटाघरांशी त्याची बरोबरी होणे शक्यच नव्हते, आणि त्यापूर्वी देशात जे मोजके मिनार उभे राहिले होते त्यांच्यापैकी एकावरूनही कधी बांग दिली जात नसे. तरीही गावकऱ्यांनी विरोधाच्या सह्या गोळा केल्या. समितीने अर्ज नामंजूर केला. कँटनच्या बांधकाम व न्याय खात्याने तो निर्णय फिरविला. मग समिती आणि रहिवासी प्रशासकीय न्यायालयात गेले, तेथे हरले, आणि अखेरीस देशाच्या सर्वोच्च न्यायासनानेही अर्जदारांच्याच बाजूने निवाडा दिला. जुलै २००९ मध्ये तो मिनार छपरावर उभा राहिला.

परंतु त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला स्विस मतदारांनी साडेसत्तावन्न टक्के मतांनी राष्ट्राच्या राज्यघटनेतच मिनार बांधण्यास मनाई करणारे कलम घातले. संघीय मंत्रिमंडळाने आणि संसदेच्या दोन्ही सभागृहांनी हा प्रस्ताव फेटाळावा अशी शिफारस केली होती. कॅथलिक बिशपांची परिषद, प्रॉटेस्टंट चर्चांचा संघ आणि यहुदी समाजाची मध्यवर्ती संस्था या तिघांनीही त्यास उघड विरोध केला होता. आणि मतचाचण्याही प्रस्ताव पडणार असेच सांगत होत्या. प्रत्यक्षात जिनिव्हा, व्हो व न्यूशातेल ही तीन फ्रेंचभाषी कँटने आणि बाझेल शहराचे अर्धकँटन यांनीच काय तो नकार दिला. रेडक्रॉसच्या जन्मभूमीत असे घडावे याचे जगाला मोठे नवल वाटले. त्या देशाचा धार्मिक इतिहास ज्याने सावकाश वाचला असेल त्याला या निकालाचे दुःख होईल, अतिशय दुःख होईल; नवल मात्र वाटू नये असे मला वाटते.

कारण तेथील धर्मशांतता प्रारंभापासून हद्दींवर उभारलेली आहे. १५३१ साली काप्पेलच्या लढाईत झ्युरिकचा धर्मसुधारक झ्विंग्ली मारला गेला, आणि त्यानंतरच्या तहनाम्याने असे ठरले की प्रत्येक कँटनाने आपला पंथ राखावा आणि शेजाऱ्याच्या पंथात हात घालू नये. १५९७ मध्ये अपेनझेल हे कँटन तर केवळ पंथभेदापायी दुभंगून त्याची दोन अर्धकँटने झाली, ती आजतागायत तशीच आहेत. या व्यवस्थेने रक्तपात पुष्कळ वाचविला हे खरे. पण जो कोणाच्याच हद्दीत बसत नाही त्याने कोठे राहावे, कोठे प्रार्थना करावी आणि कोठे पुरले जावे, या प्रश्नाला तिच्यापाशी उत्तर नव्हते.

आरगाऊ कँटनात, सुर्ब नदीच्या खोऱ्यात, एंडिंगेन आणि लेंगनाऊ अशी दोन गावे आहेत. १७७६ पासून स्विस संघाने यहुद्यांना कायम वास्तव्याची मुभा या दोन गावांपुरतीच ठेवली. तीही हक्क म्हणून नव्हे. दर सोळा वर्षांनी पैसे भरून संरक्षणाचा कौलनामा नवा करून घ्यावा लागे. शेती त्यांना बंद, कारागिरीच्या संघांची दारे बंद. उरला तो गुरांचा व्यापार आणि गावोगाव हिंडून करायची किरकोळ फेरी. त्याआधी, वस्तीच्या आरंभी, त्यांना आपले मृतदेह पुरण्यासाठीही जमीन नव्हती, म्हणून ऱ्हाईन नदीतले एक लहानसे बेट त्यांनी त्या कामासाठी घेतले होते, आणि नदीला पूर आला की थडगी पाण्याखाली जात. १७५० साली दोन्ही गावांच्या मधोमध दफनभूमीला जागा मिळाली, ती अजून तेथे आहे. या गावांतली जुनी घरे आजही पाहता येतात, आणि त्यांच्या दर्शनी भिंतीत एकाच घराचे दोन सारखे दरवाजे शेजारी शेजारी दिसतात. ख्रिस्ती आणि यहुदी कुटुंबांनी एका उंबरठ्याने आतबाहेर करू नये म्हणून ही योजना झाली, असे परंपरा सांगते. एकाच छपराखाली राहणारी, एकमेकांच्या मुलांचे रडणे भिंतीतून ऐकणारी दोन कुटुंबे, आणि त्यांच्यामध्ये नियमाने उभा केलेला हा वेगळेपणा: मनाई शेकडो वर्षे टिकली की ती दगडमातीच्या बांधणीतच जाऊन बसते, आणि पुढच्या पिढीला ती मनाई न वाटता रीत वाटू लागते. १८५२ मध्ये एंडिंगेनला जे सिनेगॉग उभे राहिले त्यावर घड्याळ आहे आणि तास देणारी घंटाही आहे. गावाच्या मध्यभागी चर्च नसल्यामुळे ख्रिस्ती शेतकऱ्यालाही वेळ कळे ती यहुद्यांच्या प्रार्थनामंदिराच्या टोल्यांवरून. कित्येक पिढ्यांच्या सहवासातून उमललेली ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

मात्र तो सहवास हक्क मिळवून देण्यास पुरेसा ठरला नाही. १८६२ साली आरगाऊच्या विधिमंडळाने यहुद्यांना नागरिकत्वाचे हक्क देणारा कायदा केला, तेव्हा कँटनात एवढे वादळ उठले की लोकांनी मत देऊन ते विधिमंडळच बरखास्त केले, आणि कायदाही मागे घ्यावा लागला. शेवटी दरवाजा उघडला तो बाहेरच्या रेट्याने. १८६४ मध्ये फ्रान्सशी व्यापारी तह झाला, त्यात फ्रान्सच्या यहुदी प्रजाजनांना स्वित्झर्लंडमध्ये कोठेही वास्तव्याची मुभा द्यावी लागली. मग परक्या यहुद्याला जे मिळते ते स्वतःच्या यहुद्याला नाकारणे अशोभनीय झाले. जानेवारी १८६६ मध्ये घटनादुरुस्तीच्या नऊ प्रश्नांवर लोकमत घेण्यात आले. त्यांपैकी यहुद्यांच्या वास्तव्याचा तेवढा एक मंजूर झाला. श्रद्धेच्या आणि उपासनेच्या स्वातंत्र्याचा प्रश्न त्याच यादीत होता, तो पडला. राहू देण्यास लोक राजी झाले. उपासना हा प्रत्येकाचा हक्क आहे हे मान्य करण्यास त्यांना १८७४ ची घटना येईपर्यंत आणखी आठ वर्षे लागली.

येथे मराठी वाचकाला आपल्या पुण्याच्या लाल देवळाची आठवण होणे स्वाभाविक आहे. डेव्हिड ससून या बगदादी यहुदी व्यापाऱ्याने बांधविलेले ते सिनेगॉग १८६७ मध्ये, म्हणजे स्विस लोकमताच्या दुसऱ्याच वर्षी पुरे झाले. त्याचा लाल विटांचा घड्याळाचा मनोरा लष्कर भागातल्या छपरांच्या वर उठलेला आहे, आणि त्याच आवारात ससूनची समाधी आहे. त्याच्याही आधी, १७९६ मध्ये, मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल समाजातील सॅम्युएल दिवेकर यांनी मुंबईत सिनेगॉग उभारले होते. इंग्रजांच्या अमलाखाली आणि ससूनच्या अपार संपत्तीच्या बळावर हे सुकर झाले ही गोष्ट लपविण्याचे कारण नाही. तरी शेजारच्या मराठी वस्तीने त्या मनोऱ्याला आपल्याच भाषेत देऊळ म्हटले, हे काही सरकारी हुकमाने घडले नव्हते.

स्वित्झर्लंडमध्ये यहुद्यांखेरीज दुसरा संशयित होता कॅथलिक साधू. १८४७ च्या नोव्हेंबरात प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक कँटनांत यादवी झाली. संघीय फौजेचा सेनापती जनरल द्युफूर याच्या संयमामुळे ती महिन्याच्या आतच आणि थोडक्या प्राणहानीत आटोपली, पण विजेत्यांनी १८४८ च्या घटनेत जेझुइट या कॅथलिक साधूंच्या संघाला देशबंदी केली. १८७४ मध्ये ही बंदी अधिक कडक होऊन चर्च आणि शाळा या दोन्ही ठिकाणचे त्यांचे कार्य निषिद्ध ठरले, नवे मठ काढण्यास मनाई झाली आणि सरकारच्या संमतीवाचून नवे धर्मप्रांत स्थापता येणार नाहीत असेही ठरले. या बंदीच्याच काळात, १८६९ साली, जर्मन जेझुइटांनी मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेज काढले आणि त्यातून हिंदू, पारशी, मुसलमान तरुणांच्या पिढ्यांमागून पिढ्या शिकून बाहेर पडल्या. ज्या संघाला झ्युरिकमध्ये एक शाळा चालविण्याची मुभा नव्हती त्याला मुंबईने विद्यापीठीय शिक्षणाचे एक मोठे दालन सोपविले होते.

१८९१ मध्ये स्विस नागरिकांना घटनादुरुस्तीचा प्रस्ताव स्वतः सह्या गोळा करून मांडण्याचा अधिकार मिळाला. लोकशाहीच्या इतिहासात ही थोर देणगी समजली जाते आणि ती तशी आहेही. पण त्या अधिकाराचा पहिलाच उपयोग कशासाठी झाला हे पाहिले म्हणजे मन खिन्न होते. २० ऑगस्ट १८९३ रोजी, मंत्रिमंडळ आणि संसद विरोधात असताना, सुमारे साठ टक्के मतांनी यहुदी विधीनुसार होणाऱ्या पशुवधास घटनेने मनाई करण्यात आली. प्राणिदया मंडळांनी ती चळवळ उभी केली होती, आणि तीत खरी भूतदया असणारे लोक होते यात शंका नाही. पण यहुदीद्वेषानेही त्या भूतदयेचा हात धरला होता, आणि मतपेटीत पडलेल्या चिठ्ठ्यांतून या दोहोंना निराळे करणे कोणालाही शक्य नव्हते. ती मनाई पुढे घटनेतून प्राणिसंरक्षणाच्या कायद्यात गेली आणि आजही अमलात आहे.

इमारतीच्या उंचीला धर्माची मोजपट्टी लावण्याची चालही युरोपात जुनीच आहे. ऑस्ट्रियाचा सम्राट दुसरा योसेफ याने १७८१ मध्ये प्रॉटेस्टंट प्रजाजनांना उपासनेची मुभा देणारे जे प्रसिद्ध फर्मान काढले त्यात अट अशी होती की, शंभर कुटुंबांमागे एक प्रार्थनागृह बांधावे, पण त्याला मनोरा नसावा, घंटा नसावी आणि रस्त्याकडून प्रवेशद्वार नसावे. ते फर्मान त्या काळाच्या मानाने उदार होते. पण त्यातला भाव असा की, तुम्ही आहात हे आम्हांला मान्य आहे. तुम्ही आहात हे दिसता मात्र कामा नये. आपल्यातला एक असे मानून माणसाला गावात राहू देणे वेगळे, आणि मागल्या दाराने आत घेणे वेगळे. २००९ च्या मतदानात जो प्रश्न विचारला गेला तो, माझ्या मते, हाच होता.

सर्वकाळ असेच होते असे मात्र नाही. झ्युरिकच्या फोर्चश्ट्रासे रस्त्यावर, बालग्रिस्ट येथील प्रॉटेस्टंट चर्चच्या अगदी समोर, स्वित्झर्लंडमधली पहिली मशीद उभी आहे. ती बांधली अहमदिया पंथाने, ज्याचा उगम पंजाबातील कादियान येथला. १९६२ च्या ऑगस्टात तिचा पाया एका स्त्रीच्या, पंथसंस्थापकाच्या कन्येच्या, हस्ते घातला गेला. २२ जून १९६३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचे तत्कालीन अध्यक्ष झफरुल्ला खान यांनी तिचे उद्घाटन केले, आणि शहराचे नगराध्यक्ष एमिल लांडोल्ट त्या समारंभास हजर होते. मशिदीचा बारीक पांढरा मिनार चर्चच्या मनोऱ्यासमोर तेव्हापासून उभा आहे, आणि दोहोंपैकी कोणाच्याही उपासनेत त्यामुळे व्यत्यय आलेला नाही.

मग मधल्या साडेचार दशकांत काय बदलले? तुर्कस्तानातून आणि युगोस्लाव्हियातून कामगार आले, पुढे बोस्निया आणि कोसोव्हो येथील युद्धांतून निर्वासित आले. २००९ पर्यंत मुसलमानांची संख्या सुमारे चार लाख झाली. त्यांची बहुतेक प्रार्थनास्थळे गाळ्यांत, तळघरांत आणि जुन्या कारखान्यांत होती, रस्त्यावरून जाणाऱ्याला न दिसणारी. याच सुमारास लिबियाने दोन स्विस व्यापाऱ्यांना अडकवून ठेवल्यामुळे लोकमत चिडलेले होते. मनाईच्या पुरस्कर्त्यांचा युक्तिवाद असा की, मिनार हे उपासनेचे अंग नसून सत्तेचे चिन्ह आहे आणि त्यावाचून नमाज अडत नाही. स्विस ध्वजावर क्षेपणास्त्रांसारखे काळे मिनार आणि पुढे बुरख्यातली स्त्री असे त्यांचे भित्तिपत्रक बाझेल आणि लोझान या शहरांनी लावू दिले नाही. इतरत्र ते लागले. लोकांच्या मनातली भीती खोटी होती असे मी म्हणणार नाही. भीती खरीच असते. पण त्रिपोलीतल्या हुकूमशहाचा राग ओल्टेनजवळच्या कामगाराच्या प्रार्थनागृहावर काढण्यात न्याय नव्हता, आणि ज्यांचे पूर्वज त्याच घटनेच्या मनाईखाली जगले होते त्या बिशपांनी आणि यहुदी पुढाऱ्यांनी हे वेळीच बोलून दाखविले होते. निकालानंतर लोझानजवळच्या बुसिन्यी येथील एका व्यापाऱ्याने आपल्या गुदामाच्या धुराड्यावर निषेधार्थ मिनाराची प्रतिकृती चढविली. काही मुसलमान स्ट्रासबुर्गच्या मानवी हक्क न्यायालयात गेले. २०११ मध्ये न्यायालयाने त्यांचे अर्ज दाखल करून घेतले नाहीत, कारण त्यांपैकी कोणाचाही मिनार बांधण्याचा प्रत्यक्ष बेत अडलेला नव्हता.

स्विस घटनेच्या ७२ व्या कलमाच्या तिसऱ्या परिच्छेदात पूर्वी कॅथलिक धर्मप्रांतांवरचे बंधन होते. जेझुइटांवरची बंदी १९७३ च्या लोकमताने सव्वाशे वर्षांनी उठली होती. धर्मप्रांतांवरचे हे बंधन, म्हणजे त्या जुन्या वैराचा शेवटचा अवशेष, १० जून २००१ रोजी लोकांनी मोठ्या बहुमताने काढून टाकले आणि तो परिच्छेद रिकामा झाला. आठ वर्षांनी मिनारबंदी आली ती त्याच रिकाम्या जागी, त्याच क्रमांकाने बसविण्यात आली. २०२१ च्या मार्चमध्ये, मिनारबंदीमागे असलेल्या समितीच्याच प्रस्तावावर, सार्वजनिक ठिकाणी चेहरा झाकण्यावरची बंदीही थोडक्या मताधिक्याने घटनेत गेली. मिनारबंदी काढायची तर मतदारांचे आणि कँटनांचे असे दुहेरी बहुमत पुन्हा मिळवावे लागेल. तोवर झ्युरिक, जिनिव्हा, विंटरथुर आणि वांगेन येथे आधीच उभ्या असलेल्या चार मिनारांत पाचव्याची भर पडू शकत नाही.