सुरक्षापट्टा व हार्नेस (लहान हेलिकॉप्टरांतील)

लहान हेलिकॉप्टरात बसलेल्याचे शरीर आसनाशी जखडून ठेवणारी पट्ट्यांची योजना. कमरेवरून जाणाऱ्या एकट्या पट्ट्याला सुरक्षापट्टा म्हणतात आणि त्याला खांद्यांवरून येणाऱ्या पट्ट्यांची जोड मिळाली, की त्या संचाला हार्नेस ही संज्ञा लागू होते.

पिंपरी-चिंचवड व चाकण या मोटारउद्योगाच्या टापूत सुरक्षापट्टा ही रोजच्या जुळणीतली वस्तू आहे. मोटारींतला तीन ठिकाणी अडकणारा पट्टा व्होल्वो कंपनीने १९५९ साली आणला. त्याचा जनक निल्स बोलिन हा आधी साब कंपनीत लढाऊ विमानांच्या उत्क्षेपी आसनांवर, म्हणजे वैमानिकाला आसनासकट बाहेर फेकणाऱ्या यंत्रणेवर काम करीत असे. मोटारीचा अनुभव मात्र हेलिकॉप्टरला जसाच्या तसा लागू पडत नाही. मोटारीला धडक बहुधा समोरून बसते, तर हेलिकॉप्टर पुष्कळदा बुडावर आदळते आणि धक्का कण्यातून वर चढतो. म्हणून पट्ट्याचा विचार आसनापासून वेगळा करता येत नाही : रॉबिन्सन आर-४४ या चार आसनी हेलिकॉप्टरात आसनाखालचा कप्पा चेपला जाऊन धक्का शोषून घेतो, आणि तेथे टणक सामान ठेवल्यास तेच सामान खचत्या आसनाखालून इजा करू शकते.

खांदापट्टा ज्या रिळावर गुंडाळलेला असतो, ते रीळ एरवी सैल सुटते व झटका बसताच अडकते. वैमानिकाला हात पुढे नेता यावा आणि तो शुद्ध हरपून नियंत्रक दांड्यावर कोसळू नये, अशी दोन्ही कामे त्यामुळे साधतात.

बांधून ठेवण्याइतकेच तत्काळ सुटणे महत्त्वाचे असते, किंबहुना खरी कसोटी तेथेच लागते. ११ मार्च २०१८ रोजी न्यूयॉर्कच्या ईस्ट नदीत उतरलेल्या हेलिकॉप्टरात, छायाचित्रणासाठी दारे उघडी असल्यामुळे, प्रवाशांना पाठीमागे दोरीने अडकवलेले जादा हार्नेस घातलेले होते. त्यांपैकी एका दोरीने इंधन बंद करणारा खटका ओढला गेला, इंजिन थांबले, आणि हेलिकॉप्टर उलटल्यावर पाचही प्रवासी बुडून मरण पावले; साधा पट्टा सोडून वैमानिक तेवढा बाहेर पडला.

पट्ट्याची मर्यादाही उघड आहे. पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीतील बावधन येथे २ ऑक्टोबर २०२४ रोजी उड्डाणानंतर लगेच कोसळून पेटलेल्या हेलिकॉप्टरातील तिघेही मृत्युमुखी पडले. याउलट २५ मे २०१७ रोजी निलंगा (जि. लातूर) येथे तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचे हेलिकॉप्टर कमी उंचीवरून पडले असता आतील सर्व जण बचावले. पट्ट्याचा उपयोग होतो तो अशाच, जगण्याजोग्या आघातांत.

कमरपट्टा पोटावर न येता नितंबाच्या हाडांवर टेकावा, त्याला पीळ नसावा आणि बकल उघडण्याची रीत प्रवाशाने उड्डाणापूर्वी एकदा स्वतः करून पाहावी. रिकाम्या आसनाचा पट्टाही बांधून ठेवतात. त्याचे टोक दाराबाहेर राहिले, तर ते वाऱ्याने बाहेरच्या पत्र्यावर आपटत राहते आणि तो ठोका आत इंजिन बिघडल्यासारखा ऐकू येतो.