चिखल आणि पाऊल

छत्रपति संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचें औरंगाबाद, ज्या मुलखांत वसलें आहे तेथील काळी माती दख्खनच्या कातळापासून झालेली आहे. ह्या मातीचा गुण मोठा विलक्षण. उन्हाळ्यांत ती भेगाळते आणि मृगाच्या दोन सरी पडल्या कीं पाणी पिऊन फुगते. अशा रानांतून जोडा घालून चालणाऱ्यास दहा पावलांतच कळून येतें कीं, जोड्याच्या तळाला मातीचा दुसरा जोडा चिकटला आहे आणि तो पहिल्याहून जड आहे. म्हणून शेतकरी अशा वेळीं वहाणा काढून हातांत घेतो. शहरांतील माणसास हें दृश्य गमतीचें वाटतें. परंतु चिखलांतून दूरचा पल्ला गांठावयाचा तर पायांत काय असावें, ह्या प्रश्नाचें तें फार जुनें उत्तर आहे.

एके काळीं ह्या प्रश्नावर राज्यांचें भवितव्य अवलंबून असे. मराठ्यांच्या फौजा पावसाळ्यांत छावणी करीत आणि दसऱ्यास सीमोल्लंघन करून मोहिमेस निघत. ह्यांत धर्मविधि होता तसा व्यवहारही होता. तोंवर नद्या उतरत, वाटा वाळत आणि जनावरांना चारा मिळे. औरंगजेबानें हा नेम मोडून पाहिला. १७०२ सालीं विशाळगड हातीं आल्यावर ऐन पावसांत त्यानें पन्हाळ्याकडे कूच केलें. सुमारें तीस मैलांची ती वाट. पण ती कापावयास महिन्याहून अधिक काळ लागला. ह्या शहरास ज्याचें नांव मिळालें आणि जवळच खुलताबादेस जो चिरनिद्रा घेत आहे, त्या बादशहाच्या अफाट लष्कराला शत्रूइतकेंच चिखलानेंही जेरीस आणलें होतें.

एका शतकानंतर ह्याच मुलखांत दुसऱ्या एका सेनापतीनें पावसाळ्याचा विचार निराळ्या रीतीनें केला. आर्थर वेलस्ली हा १८०३ सालच्या ऑगस्टच्या २९ तारखेस औरंगाबादेस पोंचला. त्याचा हिशेब असा होता कीं, भरलेल्या नद्या मराठ्यांच्या चपळ घोडदळाला अडवितील. आपल्या पायदळाजवळ होड्या असल्या म्हणजे झालें. पुढें २३ सप्टेंबरला त्याचें सैन्य वीस मैलांच्या आसपास चालून केळणा नदीच्या उतारावर आलें आणि त्याच दिवशीं असईची लढाई झाली. हें असई आज जालना जिल्ह्यांत आहे. शिंदे व भोसले ह्यांच्या फौजांचा तेथें पराभव झाला. परंतु इंग्रजांकडील मेलेल्यांची व जखमींची संख्याही पंधराशेंच्या वर गेली.

हाच वेलस्ली पुढें ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. वॉटर्लूनंतर त्यानें लंडनच्या हॉबी नांवाच्या कारागिराकडून आपले बूट सुटसुटीत करवून घेतले. मऊ कातड्याचा, पायाला बेताचा बसणारा हा बूट त्याच्याच नांवानें प्रसिद्ध झाला. १८५३ च्या सुमारास हिरॅम हचिन्सन ह्यानें फ्रान्समध्यें गुडइअरच्या कृतीचें रबर वापरून तशाच घाटाचे बूट काढले आणि ओल्या शेतांत राबणाऱ्या तेथील शेतकऱ्यांनीं ते आनंदानें पत्करले. मराठींत ज्याला गमबूट म्हणतात तो हाच. पहिल्या महायुद्धांत खंदकांतील पाण्यानें सैनिकांचे पाय सडूं लागले, तेव्हां एका ब्रिटिश कारखान्यानें असे दहा लाखांहून अधिक जोड पुरविले. काळ्या मातीच्या मुलखांत ज्यानें नांव कमावलें, त्याचें नांव असें जगभरच्या चिखलास चिकटून राहिलें.

तथापि गमबुटाचा गुण हाच त्याचा दोष आहे. तो पाणी आंत येऊं देत नाहीं; पण कांठावरून एकदां आंत शिरलेलें पाणी बाहेरही जाऊं देत नाहीं. उभें राहून काम करणाऱ्यास तो तारतो. दूर धांवणाऱ्यास तो बेडीसारखा होतो. लांब पल्ल्याच्या धांवण्याचें शास्त्र निराळें आहे, आणि त्या शास्त्रांतही महाराष्ट्राचा वांटा आहे. १९१९ सालीं पुण्यास डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी धांवणारे खेड्यांतले गडी दोराबजी टाटा ह्यांनीं पाहिले आणि त्यांचा वेग पाहून हिंदी खेळाडूंना ऑलिंपिकला धाडण्याचें मनावर घेतलें. पुढील वर्षीं बेळगांवचे फडेप्पा चौगुले अँटवर्पच्या मॅरेथॉनमध्यें ४२.७५ किलोमीटर धांवून २ तास ५० मिनिटांत एकोणिसावे आले. अनवाणी पाय हा दुबळा पाय नव्हे, हें पुण्याच्या त्या मैदानानें आधींच सिद्ध केलें होतें.

अनवाणी पायाचें मर्म सोपें आहे. त्यांत पाणी सांचत नाहीं, तो बोटांनीं जमीन धरतो आणि त्यास लागलेला चिखल झटकन् सुटतो. त्याला कांटे व धोंडे मात्र सोसत नाहींत. डोंगरवाटांवर धांवण्यासाठीं निघालेले आजचे जोडे ह्या पायाचे गुण राखून त्याची उणीव भरूं पाहतात. १९७१ सालीं ओरेगॉनच्या बिल बॉवरमन ह्या धांवण्याच्या शिक्षकानें घरांतील वाफल भाजण्याचा सांचा वापरून खांचाखांचांचा तळ बनवून पाहिला. पकड तळाच्या जाडीवर नव्हे, त्याच्या घडणीवर अवलंबून असते, हें तत्त्व त्यानें लोकांपुढें ठेवलें.

म्हणून पावसाळ्यांत दौलताबाद-म्हैसमाळच्या अंगानें दूर धांवावयास निघणाऱ्यानें बाजारांत जोडा पाहतांना जाहिरातीपेक्षां हा इतिहास आठवावा. तळाचे दांते खोल हवेत. पण त्याहून महत्त्वाचें म्हणजे ते विरळ हवेत. दाट दांत्यांत काळी माती ठासून बसते. वरचें कापड पाणी अडविणारें नसून पाणी सोडणारें असावें. टांच घट्ट बसावी, नाहींतर चिखल जोडा ओढून घेतो. बोटांपुढें मात्र अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा असावी; कारण लांबच्या पल्ल्यांत पाय सुजतो. ह्याच कारणानें जोडा सकाळीं न घेतां सायंकाळीं घालून पाहावा. आणि हेंही ध्यानांत असावें कीं, चिखलांत तारणारे खोल दांते ओल्या कातळावर दगा देतात व डांबरी सडकेवर लवकर झिजतात. सगळ्या वाटांना पुरून उरेल असा एकच जोडा अद्याप झालेला नाहीं.

बादशहानें चिखलाशीं हट्ट धरला आणि तो रुतला. सेनापतीनें पाण्याचा हिशेब केला आणि तो पार झाला. शेतकऱ्यानें मात्र दोघांच्याही आधीं वहाणा हातांत घेतल्या होत्या. जमीन काय मागते तें आधीं ओळखावें आणि मग पायांत काय घालावयाचें तें ठरवावें, इतकेंच ह्या काळ्या मातीचें सांगणें आहे.