कमवा आणि शिका : सिनसिनाटी ते सातारा



‘कमवा आणि शिका’ हे शब्द महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहेत. परंतु या शब्दांत दोन निराळ्या कल्पना एकत्र नांदतात, इकडे आपले सहसा लक्ष जात नाही. शिकता यावे म्हणून कमवायचे, ही पहिली; येथे काम हे फी आणि जेवणखर्च भागवण्याचे साधन असते. काम करता करताच शिकायचे, ही दुसरी. येथे काम हाच अभ्यासक्रमाचा भाग असतो. दोहोंचा इतिहास मोलाचा आहे. तो तपासताना मी कामगार चळवळीतल्या माणसाची दृष्टी बाजूला ठेवू शकत नाही. माझे शिक्षण कारखान्याच्या दारातच झाले. म्हणून माझा प्रश्न साधा आहे : शिकणाऱ्याच्या घामाचे मोल कोणी द्यायचे, आणि त्याला शिकवण्याची जबाबदारी कोणाची?

दुसऱ्या कल्पनेला विद्यापीठात रीतसर जागा मिळवून देणारा मनुष्य म्हणजे हर्मन श्नायडर. त्याचा जन्म 1872 साली अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनियातल्या समिट हिल या कोळसा खाणींच्या गावी झाला. स्वतः कामे करून त्याने लीहाय विद्यापीठातून 1894 साली पदवी मिळवली. पुढे तेथेच शिकवत असताना त्याच्या ध्यानात आले की, जी मुले शिकताना कुठे ना कुठे नोकरी करत होती, तीच पुढे कामात अधिक चमकत. विद्यापीठाला लागूनच बेथलेहेमचा पोलादाचा कारखाना होता. एका संध्याकाळी त्या भट्टीचा भडका ऐकून त्याला ही युक्ती सुचली, असे सांगतात. प्रयोगशाळा हाकेच्या अंतरावर असताना विद्यापीठाने तीच महागडी यंत्रे पुन्हा विकत का घ्यावीत? शास्त्र वर्गात शिकवावे, हात मात्र खऱ्या कारखान्यात तयार व्हावेत.

1903 साली तो सिनसिनाटी विद्यापीठात आला. हे विद्यापीठ शहराच्या मालकीचे होते, आणि ते शहर लेथ, मिलिंग यांसारखी यंत्रे घडवण्यात नावाजलेले होते. तरीही विश्वस्तांना पटवण्यात तीन वर्षे गेली. अखेर त्यांनी एका वर्षापुरती परवानगी दिली, आणि अपयश आल्यास जबाबदारी आपली नाही, असेही बजावले! 1906 च्या सप्टेंबरात 27 विद्यार्थ्यांनिशी प्रयोग सुरू झाला. अभ्यासक्रम सहा वर्षांचा होता. विद्यार्थ्यांच्या जोड्या पाडल्या. एक आठवडा जोडीतला एकजण वर्गात तर दुसरा कारखान्यात, पुढच्या आठवड्यात अदलाबदल. त्यामुळे कारखान्यातील जागा कधी रिकामी पडत नसे. मुख्य म्हणजे, कामाचा पगार मिळे.

या व्यवस्थेचा कणा मात्र जोड्यांत नव्हता. श्नायडरने अध्यापकांचा एक नवा वर्ग निर्माण केला. त्यांचे काम असे की, कारखान्यात जाऊन मुलगा कोणत्या यंत्रावर आहे, काय करतो, हे पाहायचे, आणि तो वर्गात परतला की त्याच कामामागचे शास्त्र त्याला उलगडून दाखवायचे. मुलाला एकाच यंत्रावर वर्षानुवर्षे जुंपून ठेवायचे नाही, तर साध्या कामाकडून अवघड कामाकडे न्यायचे, यावर विद्यापीठाची नजर असे. हा दुवा काढून घेतला तर उरते काय? स्वस्तात मिळालेला एक मजूर!

श्नायडरला हा धोका कळत होता. औद्योगिक कामगारांच्या शिक्षणावर 1915 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने कामाचे दोन प्रकार मानले : माणसाच्या बुद्धीला चालना देणारे काम, आणि त्याला आतून पोखरून टाकणारे काम. आपोआप चालणाऱ्या यंत्रापुढे तीच हालचाल दिवसभर करणारा माणूस शिकत नाही, झिजतो. कामगाराच्या तोंडची ही व्यथा एका विद्यापीठाच्या अधिष्ठात्याने मांडली, याचे मला अप्रूप वाटते. कारण यातून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे : कोणतेही काम आपोआप शिक्षण होत नाही.

पुढे ही पद्धत पसरत गेली. बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न संस्थेने ती 1909 साली उचलली. ऑर्थर मॉर्गन या अभियंत्याने 1921 साली अँटिऑक महाविद्यालयात ती केवळ अभियांत्रिकीपुरती न ठेवता सर्व विद्याशाखांच्या विद्यार्थ्यांना लागू केली. कॅनडातील वॉटर्लू येथे 1957 साली ती आली.

आता आपल्या साताऱ्याकडे वळू. कर्मवीर भाऊराव पाटील यांना सिनसिनाटीसारखी कारखान्यांची नगरी लाभली नव्हती. त्यांच्यासमोर होता दुष्काळी मुलखातला अर्धपोटी शेतकऱ्याचा मुलगा. ओगल्यांची काच आणि किर्लोस्करांचे नांगर यांच्या विक्रीसाठी त्यांनी गावोगाव पायपीट केली होती. खेड्याची दशा त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. 1919 साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. 1924 साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह काढले, आणि 1927 साली गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचे नाव दिले गेले. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा, मोडले. 1947 साली छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाले, तेव्हा ही परंपरा उच्च शिक्षणात आली. विद्यार्थी शेतात राबत, दगड फोडत, इमारतींच्या बांधकामावर खपत. त्या श्रमाच्या बदल्यात जेवणाचा व शिक्षणाचा खर्च भागे. दगड फोडून गणित येत नाही, हे खरे. पण मी कोणाच्या दयेवर शिकलो नाही, ही ताठ मान त्यातून आली, आणि निरनिराळ्या जातींची मुले एका पंगतीला बसली. हेही शिक्षणच.

सिनसिनाटीने कामाला विद्येची जोड दिली, साताऱ्याने विद्येला श्रमाची प्रतिष्ठा दिली. दोन्हीकडे श्रमाचा मोबदला होता, आणि त्या मुलांसाठी जबाबदार असणारी संस्था पाठीशी उभी होती.

आपल्या कायद्याची गोष्ट निराळी आहे. 1961 च्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्यात 1973 साली अभियांत्रिकीचे पदवीधरही आले. या कायद्याने उमेदवाराला विद्यावेतन दिले, सुरक्षिततेची व अपघाताच्या भरपाईची तरतूद केली. पण तो कामगार नव्हे, असेही स्पष्ट सांगितले. हेतू वाईट नव्हता. शिकणाऱ्याने शिकावे, हाच होता. प्रत्यक्षात काय होते, ते आम्ही पाहतो. एका कारखान्यात पदविकेची मुले वर्षभर खोकी भरताना मी पाहिली. वर्ष संपले, मुले गेली, त्याच खोक्यांपाशी नवी मुले उभी राहिली. कायम कामगाराची जागा भरली गेली नाही, आणि मुलेही काही शिकली नाहीत. संघटनांचेही चुकते. शिकाऊ मुलगा म्हणजे आपल्या पोटावर पाय, असे समजून पुष्कळ ठिकाणी त्याला जवळ केले जात नाही. तो आपलाच उद्याचा सोबती आहे.

2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर पदवीच्या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामाला स्थान मिळू लागले आहे. महाराष्ट्र शासनाने 2024 साली युवकांसाठी कार्य प्रशिक्षणाची योजना काढून पदवीधराला दरमहा 10000 रुपये विद्यावेतन ठरवले. या पावलांचे मी स्वागत करतो. पण आपली मुलेमुली अशा कामावर जातील तेव्हा, पालकहो, तीन गोष्टी जरूर विचारा. कामाचे पैसे मिळतात का? सहा महिन्यांनी काम बदलते का, की पहिल्या दिवशीचेच राहते? आणि महाविद्यालयातून कोणी शिक्षक त्या कारखान्यात पाऊल टाकतो का? उत्तरे होकारार्थी आली तर निर्धास्तपणे पाठवा. नाही आली तर मुलाला दोष देऊ नका. महाविद्यालयाच्या आणि कारखान्याच्या दारात जाऊन जाब विचारा.